पलिस्तर घातल्यावर



मी काही भाषण करणारा माणूस नव्हे. मी औषधे विकणारा माणूस. बाजारच्या गावी माझे दुकान आहे. तुम्ही त्याला मेडिकल म्हणता. तुमच्यापैकी पुष्कळजण तिथे येऊन गेले आहेत. तुमच्या वर्गाच्या बाई परवा दुकानात आल्या. म्हणाल्या, "आमची मंडळी आता वाचू लागली आहेत. त्यांना उपयोगाचे काही सांगा." मी विचारले, "काय सांगू?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे सांगावेसे वाटते, ते सांगा."

मला एक गोष्ट फार दिवस सांगावीशी वाटत होती. ती आज सांगतो.

ज्येष्ठात पोरे जांभळाच्या झाडावरून पडतात. पावसाळ्यात थोरली माणसे बांधावरून घसरतात. मोटारसायकली झाल्यापासून तर बारा महिने कोणाचे ना कोणाचे हाड मोडलेलेच असते. मग माणूस दवाखान्यात जातो. डॉक्टर फोटो काढतात आणि पलिस्तर घालतात. घरच्यांना वाटते, सुटलो! आता महिनाभर गप्प बसायचे. पण तसे नाही. खरे लक्ष द्यायचे दिवस तेव्हाच सुरू होतात.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षे झाली. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. मी दुकानाची फळी लावत होतो. एक गडी सायकलवरून धापा टाकत आला. ओळखीचा होता. म्हणाला, "शेठ, जरा थांबा. पोरगं लई रडतंय."

मी विचारले, "काय झालं?"

"दुपारी झाडावरनं पडलं. कोपराच्या वर हाड मोडलंय. तालुक्याला नेऊन पलिस्तर घातलं. गोळ्या दिल्यात, पण कळ थांबंना. जोराची गोळी द्या."

पोर नऊ वर्षांचे. मी काय केले? जोराची गोळी दिली. पैसे घेतले. फळी लावली आणि घरी जाऊन जेवलो. मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही. बोटे कशी आहेत? सुजली आहेत का? हलतात का? काही नाही. हाड मोडले म्हणजे दुखणारच, असे मी धरून चाललो. त्यानेही तसेच धरले.

पहाटे तो पुन्हा आला. म्हणाला, "आता रडत नाही. पण बोटं हलवीत नाही."

मग मात्र मी घाबरलो. माझ्या भावाची जीप होती. तिच्यात घालून पोराला जिल्ह्याच्या गावी नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी पलिस्तर कापले. आतला हात टणक झाला होता, दगडासारखा. त्यांनी लगेच हातावरची कातडी चिरून आतला ताण मोकळा केला. हात वाचला. पण बोटे वळली, ती वळलीच. आज ते पोर मोठे झाले आहे, लग्न झाले आहे. माझ्या दुकानात येते. सुटे पैसे डाव्या हाताने घेते. मला कधी बोल लावत नाही. म्हणून तर मला जास्त लागते.

आत काय झाले होते, ते आता समजून घेऊ.

हाड मोडले की त्याच्या भोवतीचे मांस सुजते. पहिले दोन दिवस सूज वाढतच असते. मोकळ्या हाताला सूज आली तर हात फुगतो. पण पलिस्तर दगडासारखे घट्ट. ते काही फुगत नाही. मग सूज आतल्या आत दाबते. उसाला ताणून दोरी बांधली तर जिथे बांधली तिथे करकोचा पडतो, तसे. मांसाला रक्त मिळेनासे होते. रक्त मिळाले नाही तर मांस मरू लागते. सहा-आठ तास असेच गेले तर मेलेले मांस पुन्हा जिवंत होत नाही. ते आक्रसते आणि बोटे आत ओढून घेते. फोल्कमन नावाच्या जर्मन डॉक्टरने १८८१ साली हे लिहून ठेवले आहे. म्हणजे ही नवी माहिती नव्हे. माझ्या डोक्यात मात्र ती एका पोराचा हात गेल्यावर शिरली.

हे केवळ पलिस्तरानेच होते असे समजू नका. हाड बसवणारा वैदू बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधतो. त्यानेही हेच होते, आणि जास्त वेळा होते. कारण तो बांधतो आणि सांगतो, "आठ दिवस सोडायचे नाही." काही हाडवैद्यांच्या हाताला गुण आहे असे लोक म्हणतात. असेल. पण आत सूज किती आहे, हे वरून बांधून त्याला दिसत नाही. आणि "सोडायचे नाही" हा शब्द फार वाईट.

आता तुम्ही काय पाहायचे? पलिस्तर घातल्यापासून पहिले दोन दिवस दर दोन-तीन तासांनी बोटे पाहा. रात्रीही उठून पाहा. रडणाऱ्या पोरापाशी आई जागीच असते. तिला तर हे आधी कळायला हवे.

दुखणे कमी होत आहे की वाढत आहे, हे सगळ्यांत मोठे. पलिस्तर घातल्यावर हाड जागेवर राहते, म्हणून कळ हळूहळू कमी झाली पाहिजे. डॉक्टरांनी दिलेली गोळी घेऊनही वाढत असेल, तर काहीतरी बिघडले. दुखणाऱ्याची बोटे हलक्या हाताने सरळ करून पाहा. तेवढ्यानेही तो ओरडला, तर थांबू नका. बोटांना मुंग्या येतात का, बधिर वाटतात का, विचारा. ती पांढरी, निळी किंवा गार झाली आहेत का, दुसऱ्या हाताच्या बोटांशी ताडून पाहा. स्वतःहून हलवता येतात का, तेही पाहा.

नखाची एक परीक्षा आहे. नख दाबा. ते पांढरे होईल. सोडा. "एक, दोन" म्हणेपर्यंत पुन्हा लाल झाले पाहिजे. पण इथे एक गोम आहे, ती नीट ऐका. नख लाल झाले म्हणजे सगळे ठीक, असे नाही. त्या पोराचा बाप मला नंतर म्हणाला, "शेठ, बोटं तर लाल हुती." होती. बोटे लाल असतानाही आत मांस मरत असते. म्हणून कळ वाढत असेल तर नखाचे ऐकू नका, कळीचे ऐका.

अशा वेळी मेडिकलमध्ये जायचे नाही. दवाखान्यात जायचे. ज्यांनी पलिस्तर घातले त्यांच्याकडे जा, नाहीतर जवळच्या मोठ्या दवाखान्यात. रात्र असो, पाऊस असो. आता १०८ नंबरला फोन केला की सरकारी गाडी येते, तिचे पैसे पडत नाहीत. दारात गेल्यावर एवढेच म्हणा, "पलिस्तर घट्ट झालंय, कळ वाढतेय." डॉक्टरांना पुढचे कळते. पलिस्तर कापले तर पुन्हा घालता येते. उगाच आलो असे झाले तरी कोणी हसणार नाही. हसले तर हसू द्या.

आता दुकानाकडे वळू.

काही दवाखान्यांत सामान तिथलेच असते. काही ठिकाणी नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देतात आणि म्हणतात, "एवढं घेऊन या." तो बिचारा धावत येतो. त्याचे डोके ठिकाणावर नसते. चिठ्ठी मला देतो, मी पिशवी भरून देतो, तो पैसे मोजतो. काय घेतले, हे त्याला माहीत नसते.

पलिस्तराचे गुंडाळे म्हणजे काय? जाळीदार कापडावर पांढरी भुकटी बसवलेली असते. ही भुकटी तुमच्या ओळखीची आहे. गणपतीच्या शाडूच्या मूर्ती वेगळ्या आणि हलक्या पांढऱ्या मूर्ती वेगळ्या. त्या हलक्या मूर्ती ज्याच्या करतात, तेच हे प्लॅस्टर ऑफ पॅरिस. जिप्सम नावाचा मऊ दगड असतो. आपल्याकडे तो राजस्थानात पुष्कळ निघतो. तो भाजला की त्यातले पाणी उडून जाते आणि भुकटी होते. तिला पुन्हा पाणी दाखवले की ती पाणी पिते, गरम होते आणि घट्ट बसते. पॅरिस शहराच्या टेकडीत हा दगड मिळे, म्हणून हे नाव पडले. भुकटी कापडाच्या पट्टीवर पसरून मोडलेल्या हाडाला गुंडाळावी, ही युक्ती माथायसेन नावाच्या हॉलंडच्या लष्करी डॉक्टरने काढली. त्याने ती १८५२ साली छापून प्रसिद्ध केली. लढाईत जखमी झालेल्या शिपायांना गाडीत घालून न्यायचे, तर हाड हलू नये, म्हणून त्याने ही खटपट केली.

हे एवढे का सांगितले? कारण ही भुकटी हवेतले पाणीसुद्धा पिते. पाकीट फाटलेले असेल किंवा गुंडाळे दमट जागी ठेवलेले असेल, तर ते घट्ट बसत नाही. म्हणून पाकीट बंद आहे ना, पाहून घ्या. चिठ्ठीवर रुंदी लिहिलेली असते, चार इंची, सहा इंची. तेवढ्याच रुंदीचे घ्या. बरोबर कापसाचा मऊ रोल असतो. तो कातडी आणि पलिस्तर यांच्यामध्ये घालतात. तो महागाचा नसतो, पण विसरला तर पुन्हा हेलपाटा पडतो. आजकाल फायबरचे पलिस्तरही मिळते. ते हलके असते आणि लवकर सुकते, पण किंमत बरीच जास्त. हाड दोन्हींतही जुळते. कोणते घ्यायचे ते डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याला नको.

आणखी एक. पहिल्या दिवशी डॉक्टर पुष्कळदा अर्धेच पलिस्तर घालतात. एका बाजूला पट्टी, वरून साधे बँडेज. लोक बाहेर येऊन म्हणतात, "पैसे पुरे घेतले आणि काम अर्धे केले." अहो, सुजेला जागा मिळावी म्हणून ते तसे घालतात. सूज उतरली की पुरे घालतात. डॉक्टर शहाणा आहे, म्हणून त्याने अर्धे घातले.

तुम्ही आता आकडे वाचता. मग ते दुकानात वाचा. औषधाच्या पाकिटावर दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक मुदत, म्हणजे कोणत्या महिन्यापर्यंत औषध चालेल. दुसरी छापील किंमत. हे आकडे इंग्रजी असतात, आणि तेवढे दहा आकडे शिकायला दोन रात्री पुरे. मुदत संपलेले औषध घेऊ नका. छापील किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यावर एक पैसाही जास्त कोणी मागू नये. पावती मागा. दुकानदार "कशाला?" म्हणाला तरी मागा. गुंडाळे उरले, तर पावती आणि बंद पाकीट असेल तर मी तरी परत घेतो.

ज्या पाकिटावर उभी लाल रेघ असते, ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. आणि गोळीचे खरे नाव विचारा. कंपनीने ठेवलेले नाव एक आणि आतले औषध दुसरे. दोन निराळ्या नावांच्या पाकिटांत पुष्कळदा एकच पॅरासिटामॉल असते. माणूस दोन्ही खातो आणि यकृत बिघडवून घेतो. तेच औषध जन औषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळते. ही केंद्रे २००८ सालापासून सुरू झाली. असे सांगितल्याने माझा धंदा कमी होईल, पण होऊ दे.

काही वस्तू विकत घ्यायचे कारणच नाही. हात गळ्यात अडकवायची झोळी दुकानात मिळते. पण जुन्या लुगड्याचे सुमारे एक मीटर चौकोनी कापड घ्या, तिरके दुमडा, झाली झोळी. पंजा कोपरापेक्षा थोडा वर राहील अशी बांधा. गाठ मानेच्या मणक्यावर येऊ देऊ नका, बाजूला घ्या. पायाला पलिस्तर असेल तर निजताना पायाखाली गोधडीची घडी ठेवा. हाड जुळवणारे म्हणून टॉनिकच्या बाटल्या मिळतात. डॉक्टरांनी लिहिली असेल तर घ्या. नाहीतर त्याच पैशांत दूध, अंडी, नाचणी, पालेभाजी, सुकट आणा. आणि बिडी, तंबाखू, मिश्री तेवढे दिवस तरी बंद करा. तंबाखूने हाड उशिरा जुळते. हे मी म्हाताऱ्यांना सांगतो तेव्हा ते माझ्याकडे असे बघतात, की मीच त्यांचे हाड मोडले!

कुबड्या मात्र पाहून घ्या. उभे राहून, काखेत धरून पाहा. वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली हवे. मूठ मनगटाच्या उंचीला हवी. भार हातावर द्यायचा, काखेवर नाही. काखेवर लोंबकळत चालले तर तिथली शीर दबते आणि हात लुळा पडतो. खाली रबराची टोपी असते. ती झिजलेली नको. आपल्या सारवलेल्या ओल्या जमिनीवर आणि शहाबादी फरशीवर झिजलेले रबर घसरते. एक हाड जुळायला बसला आणि दुसरे मोडून घेतले, असा माणूस माझ्या पाहण्यात आहे. टोपी वेगळी विकत मिळते, फार स्वस्त असते.

पलिस्तर वरून लगेच घट्ट लागते, पण आतपर्यंत सुकायला दोन दिवस लागतात. तोवर ते उघडे ठेवा, मऊ उशीवर ठेवा. चुलीपुढे धरून सुकवू नका. आत कातडी भाजते आणि वर तडा जातो. ओले होऊ देऊ नका. अंघोळीला वरून प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि तोंड कापडाने बांधा. तरीही त्यावर पाणी ओतू नका, अंग पुसूनच काढलेले बरे.

खाज सुटते. फार सुटते. मग लोक काय करतात? खराट्याची काडी आत घालतात. बायका स्वेटरची सुई घालतात. एकाने तर पाटी पुसायची छडी घातली, ती आतच मोडली! आत ओरखडा पडतो, तो दिसत नाही, तो पिकतो. तेल, पावडर आत ओतू नका. वरून हळूच टकटक करा. पंख्याचा वारा घ्या. पलिस्तराला घाण वास आला, बाहेर डाग उमटला, ताप आला, तर दवाखान्यात जा. आणि पलिस्तर सैल झाले, मऊ पडले, तरी दाखवा. सैल पलिस्तरात हाड सरकते.

पलिस्तर किती दिवस ठेवायचे, हे चिठ्ठीवर लिहिलेले असते. लहान पोराचा हात तीन-चार आठवड्यांत जुळतो. थोर माणसाच्या पुढच्या हाताला सहा आठवडे किंवा जास्त लागतात. नडगीला तर तीन-चार महिनेही लागतात. सुगी आली म्हणून विळ्याने घरी कापू नका. ही गोष्ट गमतीने सांगत नाही, लोक कापतात. जी तारीख दिली असेल ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुम्हीच लिहून ठेवा. फोटोची फिल्म आणि चिठ्ठी एका पिशवीत ठेवा.

त्या रात्रीनंतर मी दुकानात एक रीत घातली. पलिस्तरासाठी म्हणून कोणी गोळी मागितली, की आधी विचारतो, "पलिस्तर कधी घातले? बोटे कशी आहेत? कळ वाढतेय का?" पुष्कळांना राग येतो. म्हणतात, "शेठ, तुम्ही गोळी द्या, डॉक्टरकी नको." मी गोळी देत नाही. वर्षातून एखादा माणूस मी असाच परत पाठवतो, तालुक्याला. गेल्या पावसाळ्यात एक बाई पाठवली. सासू भांडली माझ्याशी. दुसऱ्या दिवशी तीच सासू पेढे घेऊन आली. मी म्हणालो, "पेढे नको, पाव्हण्यांना सांगा."

शेवटी मागच्या रांगेतल्या आजींनी मघाशी जे विचारले, त्याचे उत्तर देतो. त्या म्हणाल्या, "माझ्या नातवाचं पलिस्तर सोमवारी काढायचंय. मशीननं कापतात म्हणं. हात कापला तर?"

आजी, त्या मशीनचे पाते गरगर फिरत नाही. ते जागच्या जागी थरथरते. घट्ट पलिस्तर कापते. कातडी मऊ असते, ती पात्याबरोबर हलते, म्हणून सहसा कापत नाही. आवाज मात्र मोठा होतो आणि थोडे गरम लागते. नातवाला आधी सांगून ठेवा, म्हणजे तो हात ओढणार नाही. फार गरम लागले तर त्याने सांगावे, डॉक्टर थांबतात. पलिस्तर निघाल्यावर हात बारीक दिसेल, कातडीचे कोंडे निघतील. घाबरू नका. कोमट पाण्याने धुवा, थोडे तेल लावा. पण रगडून मालिश करू नका, आणि कोपर ओढून सरळ करायला तर कोणालाही देऊ नका. कोवळ्या कोपराला जोर लावला, तर मांसात नको तिथे हाड धरते आणि कोपर कायमचे अडते. त्याला स्वतःलाच हळूहळू वाकवू द्या. सोमवारी येताना दुकानावरून जा. मलाही त्याचा हात पाहायचा आहे.